उगवतीच्या कातळावरचा सत्कार

मुलांनो, तुमच्या गळ्यात कधी कुणी फास अडकवलाय का?

नाही ना? मग मोठेपणा म्हणजे काय, हे तुम्हाला ठाऊक असण्याचं काही कारण नाही. नीट बसा. ऐका.

एका जंगलात, म्हणजे जंगल चढत चढत जिथे संपतं आणि डोंगराचा उघडा माथा सुरू होतो तिथे, सरड्यांची वस्ती होती. खाली गावात माणसं म्हणतात, सरड्याची धाव कुंपणापर्यंत. वर डोंगरावर कुंपणच नव्हतं. त्यामुळे तिथले सरडे हवे तितके धावत.

धावणं हीच त्यांची विद्या. पिल्लू अंड्यातून बाहेर पडलं की वस्तीतली सगळ्यांत म्हातारी सरडी, कोंडाक्का, त्याला पहिला धडा द्यायची.

"आधी पळ, मग बघ."

दुसरा धडा नव्हताच.

एखादं पिल्लू विचारायचं, "आक्का, पण कशाला पळायचं?"

"बघ, विचारत बसलास. एवढ्यात तुला खाऊन कुणी ढेकरही दिला असता."

खाणारा खरोखरच होता. पाऊस सरला आणि थंडी सुरू झाली की ससाणा यायचा. आभाळात एका जागी पंख फडफडवत थांबायचा आणि खाली बघायचा. खाली दगडाच्या रंगाचे सरडे दगडांवर बसलेले असत. त्याला नुसते दगड दिसत. त्यातला एखादा दगड हललाच, तर तो खाली झेपावेपर्यंत फटीत शिरलेला असे. थोडे दिवस उपाशी घिरट्या घालून ससाणा पलीकडच्या डोंगरावर निघून जायचा.

माथ्यावर एक मोठा कातळ होता, उगवतीकडे तोंड केलेला. सकाळचं पहिलं ऊन त्याच्यावर पडायचं. तुम्हाला अंथरुणातून उठायचा कंटाळा येतो, पण सरड्याला उठताच येत नाही. त्याचं रक्त थंड. रात्रभर गारठला की सकाळी तो लाकडाच्या ढलपीसारखा पडून असतो. ऊन अंगात मुरलं की मग पाय चालू लागतात. म्हणून सकाळी सगळे सरपटत त्या कातळावर यायचे. जो येईल तो बसायचा. थोडं तू सरक, थोडा मी सरकतो, असं करत वस्ती मावायची.

या वस्तीत मैनाबाई नावाची सरडी राहायची. यंदा तिच्या पोटात अंडी होती. अंडी असली की ऊन जास्त लागतं, सकाळी पहिलं लागतं, आणि पोटाखाली तापलेला दगड लागतो. नाहीतर अंडी पोटातच गारठतात. मैनाबाईची मागच्या वर्षीची तशीच गेली होती. ती त्याबद्दल कुणाशी बोलायची नाही. फक्त यंदा कातळावर सगळ्यांच्या आधी येऊन बसायची.

तिचा नवरा सर्जेराव. वस्तीतला सगळ्यांत वेगवान सरडा. तो पळाला की त्याची सावली मागून धापा टाकत यायची. मैनाबाईने त्याच्याशी लग्न केलं ते त्याच्या पायांकडे बघूनच.

आणि एक होता ढोमाजी. ढोमाजी कधीच पळायचा नाही. मुंग्यांच्या रांगेशेजारी बसायचा आणि मान वळेल तेवढ्याच मुंग्या खायचा. कोंडाक्का पिल्लांना म्हणायची, "नीट पळा. नाहीतर ढोमाजी व्हाल."

तर मुलांनो, एके दिवशी त्या डोंगरावर दोन माणसं आली. एक टोपीवाल्या बाई आणि एक दाढीवाले बुवा. ती सरडे बघायला आली होती. आधी लांबून बघायची, मग जवळून बघायची, मग पकडून बघायची. त्यांच्याकडे वेळूची लांब काठी होती. काठीच्या टोकाला दोऱ्याचा सैल फास. काठी हळूच पुढे करायची, फास सरड्याच्या डोक्यावरून गळ्यात सरकवायचा आणि अलगद उचलायचं. सरड्याला काही इजा होत नसे. त्याला थैलीत घालायचं, थैली ताणकाट्याला टांगून वजन करायचं, पट्टीवर धरून लांबी मोजायची, फोटो काढायचा. हा मोजून झाला हे कळावं म्हणून पाठीवर लाल रंगाचा ठिपका द्यायचा. आणि जिथून उचललं तिथेच आणून सोडायचं.

त्यांना पाहिल्याबरोबर सगळे सरडे पळाले. ढोमाजी सोडून. तो दोऱ्याकडे बघत बसला. त्याला वाटलं, किडा आहे. आपण होऊन तोंडाकडे येतोय तर येऊ दे.

ढोमाजीला नेलं. वस्तीवर शोककळा पसरली. कोंडाक्का म्हणाली, "स्वभावाने चांगला होता," आणि पुढे काय बोलावं ते न सुचून गप्प बसली.

संध्याकाळी ढोमाजी परत आला. धडधाकट. पाठीवर लालभडक ठिपका.

सगळे भोवती जमले. "काय झालं? काय केलं तुझं?"

ढोमाजीने सगळ्यांकडे पाहिलं. एवढे सरडे त्याच्याभोवती आयुष्यात कधी जमले नव्हते. मी किड्याची वाट बघत होतो आणि धरला गेलो, असं सांगणं त्याच्या जिवावर आलं.

"सत्कार झाला," तो म्हणाला.

"सत्कार?"

"आधी गळ्यात हार घातला. मग शाल पांघरली. अंगभर, डोक्यावरून. मग माझी तुला केली. मग फोटो. शेवटी टिळा लावला आणि घरापर्यंत पोचवायला स्वतः आले."

कुणीतरी विचारलं, "पण तुझाच का?"

ढोमाजीने खाली पाहिलं. "मी काही फार मोठा सरडा नाही. मी नुसता बसून राहिलो. बाकी सगळं तुमचं प्रेम."

हे त्याचं पहिलं मनोगत. नंतर त्याने ते फार वेळा सांगितलं.

आता सरड्यांची एक गंमत तुम्हाला माहीत असेलच. त्यांची मान सारखी वरखाली हलत असते. त्यामुळे त्यांच्या सभेत कुठलाही ठराव एकमताने मंजूर होतो. त्याच आठवड्यात ठराव झाला, की ज्यांना टिळा लागला ते वस्तीचे सत्कारमूर्ती. पुढच्या आठवड्यात ठराव झाला, की उगवतीचा कातळ सत्कारमूर्ती आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी राखीव. बाकीच्यांनी मागच्या बाजूला बसावं. मागच्या बाजूला ऊन यायला दुपार व्हायची.

मग वस्तीत पळापळ एकदम बंद झाली. जो तो माणसांच्या वाटेत जाऊन बसू लागला. ढोमाजीने वर्ग काढला. हार येताना मान कशी पुढे करावी, डोळे कसे अर्धे मिटावेत, शालीत शिरताना पाय कसे जवळ घ्यावेत, असं सगळं तो शिकवायचा. फी म्हणून मुंग्या घ्यायचा. त्याही त्याला तोंडापर्यंत आणून द्याव्या लागत. कोंडाक्काच्या शाळेत कुणी येईनासं झालं.

सरडे परिस्थिती पाहून रंग बदलतात, हे तुम्ही ऐकलं असेल. सत्कारमूर्तीही बदलत. करडे होत, तपकिरी होत, पिवळट होत. ठिपका मात्र लालच राहायचा. सगळ्यांना त्याचंच कौतुक होतं. लांबूनसुद्धा दिसतो, म्हणायचे.

टोपीवाल्या बाई आणि दाढीवाले बुवाही खूश होते. "इथले सरडे जात्याच शांत आहेत," बाई म्हणाल्या. बुवा म्हणाले, "लाल रंगाने ते आणखी शांत होतात." या दोन मतांवरून त्यांचं चांगलंच वाजलं, पण तो त्यांच्या घरचा प्रश्न आहे.

आपण मैनाबाईकडे वळू.

मैनाबाई सकाळी कातळावर गेली तर ढोमाजी आडवा आला. म्हणजे तो आधीपासून आडवाच होता.

"वहिनी, वाईट वाटतं हो. पण नियम म्हणजे नियम."

"भावजी, माझ्या पोटात अंडी आहेत. इथल्या एका कोपऱ्यात बसते. कुणाच्या अध्यात ना मध्यात."

"माझं काही म्हणणं नाही. पण उद्या सगळ्याच अंडी घेऊन आल्या तर? सर्जेरावांना म्हणावं, एकदा टिळा लावून घ्या. त्यांना अवघड आहे का? इतके हुशार."

मैनाबाई मागच्या बाजूला जाऊन थंड दगडावर पोट टेकून बसली. दुपारी ऊन आलं तेव्हा तिच्या डोळ्यांना धार लागली होती. सर्जेराव मुंगी घेऊन आला, तशी ती म्हणाली,

"त्या ठोंब्याला टिळा मिळाला. ज्याला शेपूट कुठे ठेवलीय ते सापडत नाही, त्यालाही मिळाला. आणि तुम्ही?"

"अगं, मी पळालो."

"तेच म्हणतेय मी. सगळी वस्ती थांबते. तुम्हालाच काय एवढी घाई असते?"

"मी कुठे पळतो? पाय पळतात."

"मग पायांना सांगा."

सर्जेरावाचं बायकोवर प्रेम होतं. तो ढोमाजीच्या वर्गाला जाऊ लागला. घरी मैनाबाई त्याची उजळणी घ्यायची. गवताच्या काडीचं कडं करून ती त्याच्या नाकासमोर धरायची. कडं हललं की समोर नुसती धूळ उरायची.

"अहो, मी आहे. मैना."

लांबच्या दगडामागून आवाज यायचा, "मला कळलं गं. पायांना नाही कळलं."

टोपीवाल्या बाईंनीही त्याच्यासाठी पुष्कळ खटपट केली. तो वाटेत बसायचा, डोळे अर्धे मिटायचा, मान पुढे करायचा. काठी जवळ आली की बाईंच्या हातात काठी आणि समोर रिकामा दगड. ढोमाजी नापसंतीने बघायचा. "प्रत्येकाला यश पचतंच असं नाही," म्हणायचा.

दिवस जात होते. मैनाबाईचं पोट जड झालं होतं आणि सकाळी तिला हालताही येईना. शेवटी ती कोंडाक्काकडे गेली.

"आक्का, त्यांना थांबवायचा काही उपाय सांगा."

"माझं आयुष्य पळायला शिकवण्यात गेलं. मला थांबवायचा उपाय विचारतेस?"

"तुमचा नाही झाला सत्कार, म्हणून तुम्हाला किंमत नाही त्याची."

कोंडाक्का हसली. तिच्या तोंडात आता दात फारसे उरले नव्हते. "खरं आहे, बाई. मी नुसती पळत राहिले आणि म्हातारी झाले. म्हाताऱ्या होणाऱ्याचा सत्कार कोण करतो?"

मैनाबाई परत निघाली. कुडकुडत, एकेक पाय उचलत. आणि अर्ध्या वाटेत तिच्या ध्यानात आलं. जो गारठलाय तो पळत नाही.

दुसऱ्या दिवशी तिने सर्जेरावाला उन्हात जाऊच दिलं नाही. एका सावलीतल्या फटीत त्याला बसवलं, जिथे दगडाला अजून दव होतं.

"थंडी वाजते गं."

"वाजू दे. पिल्लांसाठी एवढं करा."

टोपीवाल्या बाई आल्या. काठी पुढे झाली. फास आला. सर्जेरावाचे पाय पळायला निघाले, पण निघालेच नाहीत. फास गळ्यात बसला आणि तो हवेत उचलला गेला. गवताआडून मैनाबाई बघत होती. तिला क्षणभर इतका अभिमान वाटला की तिचा रंगच बदलला. मग त्याला थैलीत घातलं आणि थैलीचं तोंड बांधलं.

थैलीचं तोंड बांधलेलं तिने पहिल्यांदाच पाहिलं. ढोमाजीच्या मनोगतात ते नव्हतं.

दिवसभर ती त्या फटीपाशी बसून राहिली. कोंडाक्का येऊन शेजारी बसली.

"आणून सोडतात ना, आक्का?"

"आतापर्यंत सोडलंय."

"आतापर्यंत म्हणजे काय?"

"म्हणजे आतापर्यंत."

ऊन कलताना बाईंची पावलं वाजली. सर्जेराव जमिनीवर उतरला आणि तिथेच बसून राहिला. पाठीवर लाल ठिपका होता. मैनाबाई त्याच्याभोवती फिरली, त्याला हुंगलं, शेपूट शाबूत आहे का पाहिलं. मग तिला धीर आला आणि तिने विचारलं,

"कसा झाला सत्कार?"

"गळा आवळला होता."

"शाल कशी होती?"

"आत अंधार होता. श्वास कोंडत होता."

"आणि तुला कशी केली?"

"लटकत होतो."

मैनाबाईने आजूबाजूला पाहिलं. मग हळूच म्हणाली, "हे कुणापुढे बोलू नका."

पुढच्या सकाळी ती दोघं उगवतीच्या कातळावर गेली. ढोमाजीने स्वतः जागा दाखवली. कोवळं ऊन पडलं होतं. मैनाबाईने तापू लागलेल्या दगडावर पोट टेकलं आणि तिला कित्येक दिवसांनी बरं वाटलं. आतली अंडी जणू जागी झाली. तिला वाटलं, नवऱ्याला थंडीत बसवलं ते चुकलं नाही.

ऊन चांगलं मुरल्यावर ढोमाजी म्हणाला, "आता आपले नवे सत्कारमूर्ती मनोगत व्यक्त करतील."

सर्जेराव पुढे झाला. मैनाबाईने त्याला रात्री सगळं पाठ करून दिलं होतं.

"मी काही फार मोठा सरडा नाही," तो म्हणाला. "मी नुसता बसून..."

तेवढ्यात कातळावरून एक छोटी सावली सरकली.

वर आभाळात ससाणा एका जागी पंख फडफडवत थांबला होता. यंदाची थंडी सुरू झाली होती. खाली त्याला नेहमीसारखे दगडच दिसत होते. पण एका दगडावर लाल ठिपके होते, ओळीने, छान उन्हात. असं पूर्वी कुणी त्याच्यासाठी मांडून ठेवलं नव्हतं.

सर्जेरावाने सावली पाहिली की नाही, ते त्याला पुढे कधी सांगता आलं नाही. पायांनी पाहिली. तो मनोगताच्या मध्यातून सुटला, मैनाबाईला खांद्याने ढकलत कातळाच्या कडेवरून खाली गेला आणि दोघं फटीत शिरली. वर पंखांचा आवाज झाला. मग शांतता.

ढोमाजी जागचा हलला नव्हता. त्याने मान पुढे केली होती आणि डोळे अर्धे मिटले होते. जसं शिकवायचा, अगदी तसं.

ससाणा त्याला घेऊन उंच उंच गेला. कातळावरचे सगळे वर बघत राहिले.

बऱ्याच वेळाने एक सत्कारमूर्ती म्हणाला, "केवढा मोठा सत्कार."

दुसरा म्हणाला, "न्यायला खुद्द आभाळातून आले."

"काठी नाही, दोरा नाही. थेट."

एक पिल्लू म्हणालं, "परत कधी सोडणार त्यांना?"

"संध्याकाळपर्यंत सोडतात," सगळे म्हणाले.

संध्याकाळ झाली. ढोमाजी आला नाही. तेव्हा सगळ्यांनी एकमेकांना समजावलं, की मोठ्या सत्काराला वेळ लागायचाच.

मग सभा भरली. एवढा थोर पाहुणा वस्तीवर आला असताना सर्जेराव भर समारंभातून उठून पळाला, याबद्दल त्याचा निषेध करण्यात आला. त्याला आणि त्याच्या बायकोला कातळावर बंदी घालण्यात आली. सगळ्यांच्या माना हलल्या. सर्जेरावाची मानही हलली, कारण ती हलतेच. ठराव एकमताने मंजूर झाला. ढोमाजीची रिकामी झालेली जागा कुणाला द्यायची, यावर मात्र खूप भांडण झालं.

सभा संपल्यावर मैनाबाईने सर्जेरावाला बाजूला घेतलं. सर्जेरावाची कात सुटायला आलीच होती. तिने ती दातात धरून पाठीवरून सोलून काढली. ठिपका कातीसोबत निघून आला. तिने त्याच्याकडे एकदा पाहिलं आणि कात दगडाखाली सारून दिली.

"आता गं?" सर्जेराव म्हणाला. "तुझ्या उन्हाचं काय?"

कोंडाक्का तिथेच होती. ती म्हणाली, "माझ्या घरामागे एक वाकडा दगड आहे. एका अंगाला उगवतीचं ऊन येतं. दिसायला काही नाही तो. तिघं मावू, कसंबसं."

"तुम्ही आधी का नाही सांगितलंत, आक्का?"

"तू जागा कुठे विचारलीस? तू टिळा विचारलास."

दुसऱ्या दिवशी सकाळी मैनाबाईने वाकड्या दगडामागच्या उबदार मातीत अंडी घातली. त्याच वेळी उगवतीच्या कातळावर पाय ठेवायला जागा नव्हती, आणि ससाणा पुन्हा आला होता.

तात्पर्य: म्हणून मुलांनो, उगाच पळत जाऊ नका. पळणाऱ्याचा कधी सत्कार होत नाही. तो नुसताच म्हातारा होतो.